ट्रॅक ०१

ऑडिओ सीडीत गाणी असतात, फाइली नसतात. हे पटकन पटत नाही, कारण विंडोजवाला कॉम्प्युटर अगदी साळसूदपणे फाइली दाखवतो: ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. प्रत्येक नात्यागोत्यात एक तरी हुशार असतोच, ज्याने त्या उचलून डेस्कटॉपवर टाकल्या आणि अख्खी सीडी चुटकीसरशी उतरवल्याच्या आनंदात चहा मागवला. त्यातली एकेक फाइल ४४ बाइटची. गाणं चकतीवर कुठे सुरू होतं, याचा नुसता पत्ता. सीडी बाहेर काढली की मैफल खलास.

आता तर लॅपटॉपला सीडीची खाचही नसते. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागितला, तर दुकानदार आधी आपल्या केसांकडे बघतो आणि मग माळ्यावर कुणाला तरी चढवतो.

खरी कॉपी म्हणजे लेझरने चकती वाचून सेकंदाला ४४,१०० नमुने, तेही डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे, उचलून आणणं. त्यात ओरखडा आला की ड्राइव्हची घरघर बदलते. तो अडतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. साधा प्लेअर अशा वेळी हरवलेला सूर अंदाजाने भरून पुढे सटकतो. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं सॉफ्टवेअर मात्र खमकं, दोन वाचनं जुळल्याशिवाय हलत नाही. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि आपली बोटं लागतात बाहेरच्या कडेला. म्हणजे काठोकाठ भरलेल्या मैफलीच्या सीडीवर हाताचा सगळा मळ जातो कुणाच्या वाट्याला? शेवटच्या भैरवीच्या! मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायचं. ताट पुसल्यासारखं गोल गोल नाही.

पण हे सगळं यंत्राचं काम. माणसाचं काम पुढे असतं, नावं घालायचं. फिलिप्स आणि सोनीने १९८० साली सीडीचे नियम ठरवले, त्यात गाण्याचं नाव चकतीवर लिहायची सोयच नव्हती. कव्हरवर छापलेलं असतंच की! पुढे इंटरनेटवर श्रोत्यांनीच नावांच्या याद्या भरल्या. सॉफ्टवेअर ट्रॅकच्या लांब्या बघून सीडी ओळखतं आणि यादी आणून देतं. आपल्या सीड्यांच्या बाबतीत ती यादी भरणाऱ्याने झोपेत भरलेली असते. राग एकीकडे, बंदिश दुसरीकडे, आणि ‘आर्टिस्ट’च्या रकान्यात कंपनीचं नाव.

हा रकाना तर मला मुळातच मंजूर नाही. नाट्यपदाला आर्टिस्ट कोण? पद लिहिणारा, चाल लावणारा की गाणारा? आमचे अण्णा भिंग घेऊन शेजारी बसतात आणि कव्हरवरची बारीक अक्षरं वाचून दाखवतात.

“तबल्यावर कोण आहे ते घाल.”

“अण्णा, त्याला रकाना नाही.”

“मग काय, तबला आपोआप वाजला?”

शेवटी शेऱ्याच्या रकान्यात तबला, पेटी, तानपुरा सगळे दाटीवाटीने बसले.

शास्त्रीय गायक डी. व्ही. ऊर्फ बापूराव पलुस्करांची सीडी निघाली की अण्णांची मान ताठ होते. बापूराव १९२१ साली जन्मले ते आपल्या नाशिकात. १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेले. तोवर आपल्याकडे ध्वनिमुद्रण मोनोच. सीडीला मात्र दोन बाजू लागतातच, म्हणून तोच आवाज दोनदा भरलेला. एमपी३ फाइल लहान करताना आवाजातला काही भाग कायमचा टाकते; फ्लॅक या प्रकारची फाइल काहीच टाकत नाही, फक्त घडी घालते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या तर ही घडी फारच लहान होते. तो आकडा बघून अण्णांनी मला दोनदा विचारलं, “बापूरावांचं काही कापलं नाहीस ना?”

मग फोल्डर. कॉम्प्युटर लावतो इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, म्हणजे सकाळच्या अहिर भैरवाला खेटून रात्रीचा बागेश्री. अण्णांना हे खपेना. प्रहरांप्रमाणे लावायचं ठरलं, प्रत्येक नावाआधी आकडा टाकून. ललत, तोडी, सारंग, मुलतानी, मारवा, यमन, बागेश्री, मालकंस असं सगळं ओळीने लागलं. भैरवीपाशी मी थांबलो. शास्त्राने ती सकाळची, म्हणून मी तोडीच्या आसपास आकडा घालायला लागलो.

“शेवटी टाक,” अण्णा म्हणाले. “तिच्यानंतर गाणार कोण आहे?”