फॉर्म जात नाहीये

"सर, फॉर्म जात नाहीये."

एवढंच सांगून फोनवरचा माणूस थांबतो. पुढचं सगळं मी ओळखावं, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. शाळा, पतसंस्था, दवाखाने अशा लहानसहान संस्थांची वेब ॲप्लिकेशन्स सांभाळणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे हे वाक्य मला जवळजवळ रोज ऐकू येतं.

"दाबल्यावर काय होतंय नेमकं?"

"काहीच होत नाहीये."

लाल अक्षरं आली, पान पांढरं पडलं, गोल चक्र फिरत राहिलं, यातलं काहीही चालेल. 'काहीच नाही' हे मात्र सगळ्यात अवघड. मग मी विचारतो, ब्राउझर कुठला? उत्तर येतं, गूगल. मग स्क्रीनशॉट मागवतो. तो येतो तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाइलने तिरका काढलेला फोटो असतो, आणि त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं सबमिट बटणावर पडलेलं असतं.

कागदी अर्जाच्या काळात हे नव्हतं. खिडकीतला कारकून तुसडा असायचा, जेवणाची सुट्टी ताणायचा, पण बोलायचा. "इथं सही राहिली." "रेशनकार्डाची झेरॉक्स कुठाय?" "लागू नसेल ते खोडा, असं छापलंय ना वरती?" अपमान व्हायचा, पण काय चुकलं ते निदान कळायचं. वेब फॉर्म दिसायला सभ्य, पण अर्ज का अडला ते सांगायची त्याला गरज वाटत नाही. माझ्या कामाचा निम्म्याहून जास्त भाग दुरुस्तीचा नसून या मुक्याला बोलतं करण्याचाच आहे.

आता 'काहीच होत नाही' याचंच एक कारण बघा. एका अर्जात 'विवाहित / अविवाहित' असा प्रश्न होता. 'विवाहित' निवडलं की खाली 'जोडीदाराचं नाव' अशी चौकट उघडायची, 'अविवाहित' निवडलं की ती झाकली जायची. चौकट झाकली तरी तिच्यावरची 'भरणं सक्तीचं' ही खूण तशीच राहिली होती. बटण दाबल्यावर ब्राउझर आधी स्वतःच तपासणी करतो, आणि रिकाम्या राहिलेल्या चौकटीकडे बोट दाखवतो. इथे बोट दाखवायला चौकटच दिसत नव्हती. मग तो गप्प बसायचा आणि अर्जही पाठवायचा नाही. लग्न झालेल्यांचे अर्ज सुरळीत जात होते, अविवाहितांचे जागच्या जागी. क्रोम अशा वेळी तक्रार लिहून ठेवतो, नाही असं नाही. 'या चौकटीवर लक्ष नेता येत नाही' अशा अर्थाची एक ओळ. पण ती लिहितो कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्रामरसाठी ठेवलेल्या आतल्या खिडकीत, जिथे अर्जदार उभ्या जन्मात डोकावणार नाही.

आणखी एक गंमत बटणाच्या नावाची. प्रोग्रामरने बटणाला कोडमध्ये 'सबमिट' असंच नाव दिलं, तर जावास्क्रिप्टमध्ये फॉर्मची स्वतःची 'सबमिट' नावाची क्रिया त्या नावाखाली झाकली जाते. कोड म्हणतो 'सबमिट कर', आणि समोर क्रियेऐवजी बटण उभं. काम ठप्प. अनुभवी माणसंसुद्धा यात तासभर घालवतात.

म्हणून मी पहिल्यांदा एफ-ट्वेल्व्ह दाबून ब्राउझरच्या त्या आतल्या खिडकीतलं, ये-जा दाखवणारं नेटवर्कचं पान उघडतो आणि 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करतो. ती केली नाही, तर पान बदलताच पुरावा पुसला जातो. मग बटण दाबायचं आणि बघायचं: अर्ज घरातून निघाला का? निघालाच नसेल, तर दोष ब्राउझरमधल्या कोडचा. निघाला असेल, तर समोरून काही आकडा परत येतो, आणि त्या आकड्यावरून दुखणं ओळखता येतं. ४१३ म्हणजे पाठवलेलं गाठोडं फार मोठं. ४१९ आला तर बहुधा लारावेल नावाच्या तयार सांगाड्यावर चालणारी साइट, आणि पानाची मुदत संपलेली. ५०० म्हणजे सर्व्हरचं पोट दुखलं; का दुखलं ते त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, शोधा.

गाठोड्याचं थोडं सांगायलाच हवं. एनजिनएक्स नावाचा सर्व्हर काही बदल केले नाहीत तर एक एमबीपर्यंतच माल घेतो. पीएचपी, म्हणजे अशा पुष्कळ साइट जिच्यात लिहिलेल्या असतात ती भाषा, एका फाइलला दोन एमबी आणि सगळ्या अर्जाला मिळून आठ एमबी देते. हल्लीच्या मोबाइलने दाखल्याचा फोटो काढला की तो सहज तीन-चार एमबीचा होतो, आणि जोडायचे दाखले पाच. आठ एमबीची वेस ओलांडली की पीएचपी जास्तीचा माल तेवढा बाजूला काढत नाही, सगळाच टाकून देते. प्रोग्रामपर्यंत पोचतो तो कोरा अर्ज. मग प्रोग्राम इमानेइतबारे उत्तर देतो, 'नाव आवश्यक आहे'. अर्जदार बिचारा नाव पुन्हा लिहितो. मग कॅपिटलमध्ये लिहितो. मग आधारवर आहे तस्सं लिहितो. नावात काही चुकलेलंच नसतं, चुकलेला असतो तो खाली जोडलेला दाखला.

मुदतीचंही तसंच. पीएचपीत सेशन, म्हणजे सर्व्हरने ठेवलेली अर्जदाराची तात्पुरती ओळख, १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं हालचालीविना पडून राहिलं की ते पुसून टाकायला मोकळं धरलं जातं. शहरातल्या ऑफिसात बसून कोड लिहिणाऱ्याला २४ मिनिटं पुष्कळ वाटतात. पण अर्जात 'शाळा सोडल्याचा दाखला क्रमांक' आला, की घरात काय होतं ते आठवून बघा. कपाट उघडतं. प्लास्टिकच्या पिशवीतली पिशवी निघते. त्यात लाइट बिलं, जुनं रेशनकार्ड, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. दाखला बहिणीकडे आहे हे कळतं, तिला फोन होतो, आणि फोन झाला की तो काही दोन मिनिटांत संपत नाही. परत येऊन क्रमांक टाकून बटण दाबावं तर पान म्हणतं, मुदत संपली.

मात्र माझं सगळ्यात आवडतं, आणि चीड आणणारंही, दुखणं आपल्या लिपीचं आहे. एका शाळेच्या प्रवेशअर्जात कमल, शरद, मदन ही मुलं विनातक्रार दाखल होत होती, आणि सीता, राजू, मोहिनी यांना 'नावात फक्त अक्षरं चालतील' असं सांगून परत पाठवलं जात होतं. मला आधी वाटलं, योगायोग असेल. मग नावांची यादी समोर ठेवली तेव्हा उजेड पडला. कॉम्प्युटरमध्ये सगळ्या लिप्यांची चिन्हं ज्या मानकाने ठरतात, त्या युनिकोडच्या हिशेबात क, ख, ग ही अक्षरं. पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पायमोडलेल्या अक्षराचं ते हलन्ताचं चिन्ह, ही अक्षरं नव्हेत, ती वेगळ्या वर्गातली चिन्हं. 'फक्त अक्षरं' असा नियम लिहिला की बिनकान्यामात्रेची नावं तेवढी पार. वसंत शेवटच्या अक्षराआधी टिंबापाशी अडकला. नियम लिहिणारा मुलगा मराठीच होता, आणि त्याने चांगल्या हेतूने, मराठी नावं चालावीत म्हणूनच तो लिहिला होता. त्याच्या चाचणीतलं नाव होतं 'अबक'.

दुसरा मामला जागेचा. युटीएफ-आठ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'ज्ञानेश्वर' आपल्या डोळ्यांना आटोपशीर दिसतं, पण आत जोडाक्षरं सुटी होऊन दहा चिन्हं होतात, म्हणजे तीस बाइट. काही डेटाबेस रकान्याची लांबी अक्षरांत न मोजता बाइटांत मोजतात. पूर्ण नावाला पन्नास बाइटांची जागा ठेवली असेल, तर 'ज्ञानेश्वर विठ्ठल' एकोणपन्नास बाइटांत बसतं आणि आडनावाच्या वाट्याला एक बाइट येतो. तो मधल्या मोकळ्या जागेतच खर्च होतो. इंग्रजीत हेच नाव आडनावासकट आरामात मावतं. तपासायला घेतलेलं नाव इंग्रजी असलं, तर हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

आणि कऱ्हाडे! यातला ऱ कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक अखंड, दुसरा साध्या र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. एका कीबोर्डवरून नाव नोंदवलं, दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, तर 'नोंद सापडली नाही'. कऱ्हाड्यांनी डोळे चोळून काही उपयोग नाही. अर्ज घेतानाच सगळी नावं एका रूपात आणून ठेवणं, हा यावरचा उपाय, आणि तो चार ओळींचा आहे. मोबाइल क्रमांकाच्या चौकटीतही तेच. मराठी कीबोर्डवरून ९ आणि ८ टाकले की जावास्क्रिप्टच्या लेखी ते आकडेच नव्हेत.

न भरलेल्या चेकबॉक्सचं तर काय सांगावं. खूण केली नाही तर तो 'नाही' असं पाठवत नाही, काहीच पाठवत नाही. लग्नाला येणार नाही हेही न कळवणाऱ्या पाहुण्यासारखा. हे आजचं नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चं मानक आलं, त्यातही तो असाच होता. चौकट, चेकबॉक्स, सबमिट, आणि त्याच्याशेजारी सगळं भरलेलं एका फटक्यात पुसून टाकणारं रीसेट, अशी सगळी मंडळी तेव्हापासूनची. रीसेट बटण अजून काही साइटवर दिसतं. ते कुणी मुद्दाम, हवं म्हणून दाबलं असेल, यावर माझा विश्वास नाही.

या सगळ्यावर खरे उपाय मी पाहिले ते एका तालुक्याच्या गावी, ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलाकडे. त्याला ४१३ माहीत नाही, पण प्रत्येक दाखला तो आधीच बारीक करून ठेवतो. कागद सगळे टेबलावर मांडून झाल्याशिवाय लॉगिन करत नाही. नाव कधी कॉपी-पेस्ट करत नाही. "त्याच्यासोबत काहीतरी न दिसणारं येतं, सर," हे त्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. लागू नसलेल्या सक्तीच्या चौकटीत तो टिंब देतो. कित्येक डेटाबेसांत माणसांचं मधलं नाव टिंब का असतं, याचा उलगडा मला तिथे झाला. समोर बसलेल्या म्हातारीला तो म्हणाला, "मावशी, आज राहू द्या. उद्या सकाळी सहाला या, तेव्हा साइट पळते."

बटण दोनदा दाबायचं नाही, हा नियमही तो कडक पाळतो. एकदा दाबून काही दिसलं नाही म्हणून पुन्हा दाबलं की कुठे दोन अर्ज होतात, कुठे पैसे दोनदा जातात. अर्ज मिळताच सर्व्हरने ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवायचं आणि प्रत्येक अर्जाला एकदाच चालणारा क्रमांक द्यायचा, हा बंदोबस्त जुना आणि सोपा आहे. तो केलेला नसतो तिथे 'कृपया रिफ्रेश करू नका' अशी पाटी लावतात, म्हणजे आपलं काम अर्जदाराच्या गळ्यात.

पण पाटीपेक्षाही वाईट ते हिरवं टिकमार्क. 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला', आणि डेटाबेसात नोंदच नाही. आत कुठेतरी चूक झाली, ती कोडने गिळली, आणि वर २०० हा सगळं ठीक असल्याचा आकडा पाठवला. मुका फॉर्म परवडला. माणूस निदान पुन्हा प्रयत्न करतो. खोटं बोलणाऱ्या फॉर्मवर विश्वास ठेवून तो मुदत उलटेपर्यंत स्वस्थ बसतो.

अलीकडे एका पतसंस्थेच्या अर्जात मी संदेश लिहिला: 'जोडलेली फाइल ५ एमबीची आहे, इथे २ एमबीपर्यंतची चालते. बाकी सगळं बरोबर आहे आणि जपून ठेवलं आहे.' हे दुसरं वाक्य खरं ठरावं म्हणून मागे बरंच काम करावं लागलं. सचिवांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "एवढं कशाला लिहिताय? नुसतं 'एरर' लिहा की. लोक फोन करतातच."