आवडता सिनेमा हाताशी असावा लागतो

लंडनमधल्या आमच्या सिनेमाच्या गटाची रीत अशी आहे. एक दिग्दर्शक निवडायचा, त्याला स्वतःला कोणते सिनेमे आवडतात ते शोधायचं आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसून त्यातला एक बघायचा. सिनेमा डिस्कवरूनच, म्हणजे डीव्हीडी किंवा ब्लू-रेवरूनच लावायचा, ही अट. गटात थिएटरात सिनेमाचं मशीन चालवणारे एक निवृत्त प्रोजेक्शनिस्ट आहेत, लायब्ररीत काम करणारी एक पोलिश बाई आहे, एक बंगाली डॉक्टर जोडपं आहे आणि सांगलीची मी आहे.

मला ही रीत फार आवडते. एखाद्याचे सिनेमे बघून तो काय करतो ते कळतं, पण त्याच्या आवडीचे बघितले की त्याचं मन कशावर पोसलंय ते दिसतं. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या आवडत्या शंभरेक सिनेमांची यादी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. एका दिग्दर्शकाचा एकच सिनेमा घ्यायचा, असा त्यांचा नियम होता. त्यात सत्यजित राय यांचा १९५५ चा 'पथेर पांचाली' आहे आणि लहान मुलांसाठीचा 'माय नेबर तोतोरो'ही आहे. 'सेव्हन सामुराई' काढणारा माणूस तोतोरो बघून हरखून जातो, हे वाचल्यावर मला कुरोसावा जवळचे वाटायला लागले.

गेल्या वेळी पाळी होती अमेरिकन दिग्दर्शक वेस अँडरसनची. त्याचं सत्यजित राय यांच्यावर जिवापाड प्रेम. 'द दार्जिलिंग लिमिटेड'मध्ये त्यानं रायबाबूंच्या सिनेमांतलं संगीत वापरलंय. मे २०२५ मध्ये कान महोत्सवात रायबाबूंच्या 'अरण्येर दिन रात्रि'ची नवी, दुरुस्त केलेली प्रत दाखवली, तेव्हा ती सादर करायला तोच उभा होता. शर्मिला टागोर आणि सिमी गरेवाल दोघीही तिथं होत्या. जुने सिनेमे जपणाऱ्या मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचा या दुरुस्तीत वाटा आहे, हे मी गटात जरा जास्तच अभिमानानं सांगितलं.

त्या सिनेमात जंगलातल्या सहलीत सगळे गोल बसून एक खेळ खेळतात. प्रत्येकानं एका प्रसिद्ध माणसाचं नाव घ्यायचं, पण आधी घेतलेली सगळी नावं क्रमानं म्हणून झाल्यावर. कोण कुणाचं नाव घेतो त्यावरून माणूस उघडा पडत जातो आणि शेवटी शर्मिला टागोर आठवत असूनही हार पत्करते. अँडरसनच्या 'अ‍ॅस्टेरॉइड सिटी'त हुशार पोरं असाच खेळ खेळतात. आम्ही आधी राय बघितले, मग अँडरसनचा तेवढाच भाग लावला. प्रोजेक्शनिस्ट आजोबा उठून पडद्याजवळ गेले, "परत लावा" म्हणाले. डिस्क असल्यावर परत लावता येतं. ऑनलाइन बघायला ठेवलेला सिनेमा हक्कांचा करार संपला की एका रात्रीत निघून जातो. असं आमच्या बाबतीत झालंय, म्हणून तर ती अट.

आता सांगलीकडं येते, कारण हे सगळं मला नवीन नव्हतंच. गावभागात माझ्या मामांची व्हिडिओ लायब्ररी होती. लोक शनिवारी संध्याकाळी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं न्यायचे, सोबत तीन कॅसेट, आणि गल्ली पहाटेपर्यंत जागी. कुणाला काय आवडेल हे मामांना पाठ होतं. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की टॅरँटिनो नावाचा मोठा दिग्दर्शक तरुणपणी कॅलिफोर्नियात अशाच लायब्ररीत कामाला होता आणि ते दुकान बंद झालं तेव्हा तिथल्या कॅसेट त्यानं स्वतः विकत घेऊन ठेवल्या. मामा खुश. "म्हणजे आमच्याच धंद्यातला की गं पोरगा! आणि ठेवल्या त्यानं? बरं केलं."

'बरं केलं' ते मनापासून म्हणाले, कारण मामांच्या निम्म्या कॅसेट २०१९ च्या पुरात गेल्या. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. खालच्या खोलीतलं सगळं पाण्यात. वाळवलेल्या कॅसेटींवर पुढं पांढरी बुरशी चढली. मामांनी त्या टाकल्या नाहीत, पोत्यात भरून माळ्यावर ठेवल्या.

बुरशीवरून सांगते. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीचा लहानपणापासूनचा लाडका सिनेमा म्हणजे १९४८ चा 'द रेड शूज'. तो तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर या जुन्या रंगीत पद्धतीनं काढलेला, म्हणजे एकाच दृश्याच्या तीन वेगवेगळ्या निगेटिव्ह. त्यांना बुरशी लागली होती. स्कॉर्सेसीच्या संस्थेनं मागं लागून एकेक चौकट साफ करवून घेतली आणि २००९ मध्ये कानला तो सिनेमा पुन्हा झळकला. रायबाबूंच्या अपू त्रयीचं, म्हणजे 'पथेर पांचाली' आणि त्याच्या पुढच्या दोन सिनेमांचं, तर याहून वाईट झालं होतं. १९९३ मध्ये दक्षिण लंडनमधल्या एका फिल्म लॅबला आग लागली आणि तिन्ही सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जळकी रिळं कुणीतरी जपून ठेवली. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी ती मऊ करून, हातानं सांधून 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के भाग मूळ निगेटिव्हमधून मिळवला. २०१५ मध्ये क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीनं काढलेला तो संच आता माझ्या कपाटात आहे. ही आग लागली त्याच शहरात १९५० साली तरुण राय ऑफिसच्या कामासाठी आले होते. काही महिन्यांत शंभराच्या आसपास सिनेमे बघून आणि 'बायसिकल थीव्ज' या इटालियन सिनेमानं झपाटून ते कलकत्त्याला परतले.

कुणाचं तरी प्रेम असल्याशिवाय सिनेमा वाचत नाही, असं मला आता ठाम वाटतं. नावाजलेल्या माणसानं "हा माझा आवडता" म्हटलं की पैसे उभे राहतात, प्रत दुरुस्त होते, डिस्क निघते आणि साता समुद्रापार कुणाच्या तरी दिवाणखान्यात तो सिनेमा लागतो. मराठी सिनेमाच्या बाबतीत ही साखळी पहिल्याच कडीला तुटते, याचं मला फार वाईट वाटतं. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला. मला तो पोलिश मैत्रिणीला भेट द्यायचा होता. चांगल्या प्रिंटची, नीट इंग्रजी सबटायटल असलेली डिस्क मी इथल्या दुकानांत खूप शोधली, अजून हाती लागलेली नाही.

इथून डिस्क मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, कारण मला बरेच जण विचारतात. डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन्हींना प्रदेशाचं कुलूप असतं. ब्रिटनची डीव्हीडी रीजन २, भारताची ५. ब्लू-रेला ब्रिटन बी, अमेरिका ए आणि भारत सी. म्हणजे इथली ब्लू-रे तुमच्या प्लेअरवर चालेलच असं नाही, आधी वेष्टणावर बघा. फोरके (4K) ब्लू-रे डिस्कला मात्र असं कुलूप नसतं. जुन्या डीव्हीडी इथल्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत, पौंड-दोन पौंडांत मिळतात. मी मामांसाठी सगळे रीजन चालणारा डीव्हीडी प्लेअर घेऊन गेले, तेव्हापासून आमचा व्यवहार सुरळीत चाललाय.

आणि सांगलीकरांनो, ज्यांच्या माळ्यावर अजून कॅसेट, व्हीसीडी आहेत त्यांनी त्या भंगारात घालू नका. कॅसेट उभ्या ठेवा, कोरड्या जागी, पुराच्या पातळीच्या वर. बुरशी आलेली कॅसेट हौसेनं व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप खराब होते आणि मशीनचं हेडही बिघडतं. लग्नाच्या, नाटकांच्या, गणपतीतल्या कार्यक्रमांच्या कॅसेट तर आधी वाचवा. सिनेमाची दुसरी प्रत कुठं ना कुठं असेल, या कॅसेटची नसणार. माहीतगार माणसाकडून त्या डिजिटल करून घ्या.

मध्यंतरी गटात कुणीतरी म्हणालं, यादी दिग्दर्शकाचीच कशाला हवी? आयुष्यभर लोकांना सिनेमे निवडून देणाऱ्याची का नको? मी लगेच मामांना फोन लावला. त्यांनी आठवडाभर घोळवून दहा नावं पाठवली. पहिल्या क्रमांकावर जब्बार पटेलांचा 'सामना', जो १९७५ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता. मी विचारलं, हाच का? मामा म्हणाले, "साखर कारखान्याच्या मुलखात राहून निळू फुल्यांचा हिंदुराव ज्यानं वळखला नाही, त्यानं काय बघितलं?" प्रोजेक्शनिस्ट आजोबांना मी तेंडुलकर, लागू, ऊस, सहकार असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सरळ डायरी काढून तारीख टिपून घेतली. मामांकडं डीव्हीडी आहे, ती कुरियरनं निघालीय. सबटायटल मी करायला घेतलीत. मास्तर आणि हिंदुराव यांच्या पहिल्या भेटीपर्यंत आलेय.