जुनं पुस्तक, ओसीआर आणि अनुस्वाराचा ठिपका

जुन्या मराठी पुस्तकांचा डिजिटल मजकूर ओसीआरने, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन, तयार करताना माझा सर्वाधिक वेळ अनुस्वारावर जातो. १९६२च्या लेखननियमांआधीच्या छपाईत 'तें', 'घरीं', 'नांव' पानोपानी सापडतात. 'तें'वरचा ठिपका उडाला की उरतं 'ते'. एकवचनाचं अनेकवचन झालं, पण शब्द शुद्धच असल्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो.

म्हणून ठिपका स्कॅन करतानाच सांभाळावा लागतो. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) जेमतेम ६ पिक्सेलचा होतो, ६०० ला १२. स्वच्छ ऑफसेट छपाईला ३०० पुरतात. खिळ्यांच्या (शिशाच्या टाइपांच्या) छपाईला मी ६०० च ठेवतो, ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत), आणि फाइल टिफ, म्हणजे तपशील न गमावणारी. जेपेगच्या कॉम्प्रेशनने अक्षरांच्या कडांना बारीक कचरा जमतो. कागद पातळ असेल तर पानामागे काळा कागद घालायचा, म्हणजे पाठची शाई उमटत नाही.

पुढे स्कॅन टेलर या स्कॅन साफ करण्याच्या प्रोग्रॅममध्ये जोडपानं सुटी करणं, तिरकेपणा काढणं, मजकुराची चौकट आखणं. इथे डाग पुसण्याची सोय, म्हणजे डीस्पेकल, पूर्ण बंद ठेवावी. त्या प्रोग्रॅमला डाग आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही. पानावर थोडे डाग राहिलेले परवडतात. ते वाचताना दिसतात तरी. पुसलेला अनुस्वार दिसतच नाही.

ओसीआरसाठी टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम, त्याचं मराठी मॉडेल, 'बेस्ट' या अचूकतेला प्राधान्य देणाऱ्या संचातलं. एकाच स्तंभाच्या पानाला मांडणीचा पर्याय (psm) ६, म्हणजे मजकुराचा एकच सलग ठोकळा, दिला की ओळी इकडेतिकडे होत नाहीत. बांधणीजवळ शिरोरेषा वाकलेली असेल, तर तेवढं पान पुन्हा स्कॅन केलेलं बरं. दुरुस्तीत त्याहून जास्त वेळ जातो.

नेहमीच्या चुका ठरलेल्या: घ-ध, भ-म, थ-य, ष-प, 'ख'चं 'रव', कवितेतल्या दंडाचा काना. 'रव' शोधून एकेक तपासावा. सरसकट बदललं तर 'गौरव'चं 'गौख' होतं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हेही पकडायला अवघड, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. शिवाय 'आचाऱ्यांना'तला हा अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतो: 'ऱ'ला हलन्त लावून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि पुढे अदृश्य जोडचिन्ह. पुस्तकभर एकच प्रकार ठेवला नाही, तर शोध घेताना निम्मे शब्द हाती लागत नाहीत.

मुद्रितशोधन मूळ पानाचं चित्र शेजारी ठेवूनच. पहिल्या वाचनात मजकूर, दुसऱ्यात फक्त शिरोरेषेच्या वरचा भाग: रफार, मात्रा, अनुस्वार. हे दुसरं वाचन दुसऱ्या माणसानं करावं. विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयातही पान प्रमाणित करणारा सदस्य वेगळा लागतो, आणि ते योग्यच आहे. तोवर प्रत्येक पानाची फाइल सुटी, चित्राच्याच क्रमांकाची. ओळीअखेर तुटलेले शब्द आणि परिच्छेद जोडण्याचं काम दोन्ही वाचनं झाल्यावर. आधी जोडलं की चित्रातल्या ओळीशी मजकुराची ओळ जुळत नाही.