साखरेच्या पोत्यामागचा रकाना : आमचा पहिला बीआरएसआर अहवाल

पुण्यातील एका बिस्किट कंपनीच्या कंपनी सेक्रेटरी विभागात मी काम करतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून 'व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल', म्हणजेच बीआरएसआर, सक्तीचा केला आणि आमचा पहिला अहवाल जुळवण्याचे काम माझ्याकडे आले. त्याआधी या विषयावर आम्ही गप्प होतो असे नाही. वार्षिक अहवालात वृक्षारोपणाची छायाचित्रे असत, शाळेला दिलेल्या बाकांचा उल्लेख असे आणि कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे सामाजिक कामांवर केलेल्या दोन टक्के खर्चाचा तपशीलही असे. नव्या नमुन्यात मात्र नऊ तत्त्वे आणि त्यांखाली प्रश्नांचे रकानेच रकाने होते.

वीज, इंधन आणि घनकचरा यांचे आकडे फारसा त्रास न देता मिळाले, कारण त्यांची बिले आणि नोंदी कारखान्यात होत्या. वेष्टनाच्या प्लॅस्टिकचा हिशेब केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर भरावाच लागत होता. पाण्यासाठी तेवढ्या टँकरच्या पावत्या शोधाव्या लागल्या.

गाडी अडली ती दुसऱ्या तत्त्वातील एका प्रश्नावर : कच्चा माल शाश्वत पद्धतीने मिळवण्याची कार्यपद्धती आपल्याकडे आहे काय, आणि असल्यास किती टक्के माल त्या पद्धतीने घेतला? पामतेलाच्या काही भागाला आरएसपीओ या शाश्वत पामतेलासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र होते, त्यामुळे तिथे आकडा देता आला. साखर मात्र आम्ही व्यापाऱ्यामार्फत घेत होतो. पोत्यावर कारखान्याचे नाव असते, पण त्यामागचा ऊस कोणत्या फडातला आणि तो कोणी तोडला हे आम्हाला कुणीच सांगू शकत नव्हते. खरेदी विभागाचे म्हणणे सरळ होते : "माल एम-३० प्रतीचा आहे की एस-३०, आणि ओल किती, एवढेच आपण बघतो." विपणन विभागाने तोडगा सुचवला की सर्व पुरवठादारांनी आमच्या आचारसंहितेवर सही केलेली असल्याने 'शंभर टक्के' लिहावे. मला हे मान्य नव्हते. सही घेणे आणि तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अहवाल वाचणाऱ्या गुंतवणूकदाराला त्यातला फरक दिसणार नाही अशी भाषा वापरणे मला फसवणुकीच्या जवळचे वाटते.

चौथ्या तत्त्वाखाली हितसंबंधी गटांचा तक्ता असतो : गट कोणता, तो दुर्बल किंवा वंचित आहे काय, संवादाचे माध्यम कोणते, संवाद किती वेळा होतो आणि कोणत्या विषयांवर होतो. गुंतवणूकदार, वितरक, ग्राहक आणि कर्मचारी यांच्या ओळी एका बैठकीत भरून झाल्या. ऊसतोड कामगारांची ओळ घालावी असे मी सुचवल्यावर विधी विभागाने हरकत घेतली, की ते आपले कामगार नाहीत, कारखान्याचेही थेट नाहीत, त्यांना मुकादम, म्हणजे टोळ्या पुरवणारा कंत्राटदार, आणतो. कायद्याच्या दृष्टीने हे खरे होते आणि अडचणही तीच होती. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि राज्य शासनाने समिती नेमली, तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते असे त्या बैठकीत तरी कुणाला म्हणता आले नसते.

एप्रिलमध्ये मी पश्चिम महाराष्ट्रातील एका पुरवठादार कारखान्यावर गेलो, तेव्हा गाळप संपले होते आणि कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, मोडून ऊसतोड टोळ्या गावाकडे निघाल्या होत्या. फलकावर उसाचा दर आणि बिलाचे हप्ते शेतकऱ्यांसाठी लावलेले होते. तोडणी करणाऱ्यांसाठी त्यावर एक ओळही नव्हती. शेतकी अधिकाऱ्याने शांतपणे समजावले, की नवरा-बायकोची जोडी मिळून एकच 'कोयता' धरतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून घेतलेली असते आणि तक्रार असली तर तीही मुकादमालाच सांगायची. तक्रारींच्या तक्त्यात पुरवठा साखळीपुढे आमच्याकडे 'शून्य' लिहिलेले होते. ते शून्य कुठून आले हे मला तिथे समजले.

संचालकांची भीती अशी होती की कंपन्यांना शाश्वततेचे गुण देणाऱ्या मानांकन संस्था नेमके हेच वाचतील. दोन मसुदे फिरल्यावर ओळ राहिली : गट ऊसतोड कामगार, दुर्बल गट 'होय', माध्यम 'सध्या नाही'. साखरेपुढे शाश्वत खरेदीची कार्यपद्धती नसल्याचे लिहिले आणि तक्रारींच्या शून्याखाली, थेट पुरवठादारापलीकडे तक्रार नोंदवण्याची सोय नाही, अशी टीप जोडली. निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलवर विश्लेषकांनी प्लॅस्टिकबद्दल विचारले, मैद्याच्या भावाबद्दल विचारले, साखरेबद्दल कुणी विचारले नाही.

पुढच्या हंगामापासून साखरेचा काही भाग थेट कारखान्यांकडून घेण्याचे ठरले आणि कोप्यांच्या वस्तीवर मदत क्रमांकाचा मराठी फलक लावण्याची अट करारात आली. हा अहवाल पहिल्यांदा करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की आकड्यांचे काम एप्रिलनंतर झाले तरी चालते, पण ऊसतोडणीवाल्यांना भेटायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीतच फडावर जावे, आणि कारखान्याची गाडी न घेता जावे.