नियम उचलण्याआधी परवाना वाचा

स्वतःचा भूमिका-खेळ (रोल-प्लेइंग गेम) लिहिताना दुसऱ्या खेळाचे नियम घ्यावेसे वाटतात. वीस बाजूंचा फासा टाकायचा, आलेल्या आकड्यात गुणांक मिळवायचा, ही झाली खेळाची यंत्रणा. तिच्यावर कॉपीराइट नसतो. असतो तो ती सांगणाऱ्या शब्दांवर. त्यामुळे नियम स्वतःच्या भाषेत लिहिला, तर बहुतेकदा परवान्याची गरजच पडत नाही. मजकूर जसाच्या तसा हवा असेल, तर पडते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळाचा एसआरडी ५.१, म्हणजे इतरांना वापरायला खुला केलेला नियमांचा दस्तऐवज, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० या श्रेय देऊन वापरू देणाऱ्या परवान्याखाली आहे, आणि हा परवाना मागे घेता येत नाही. एसआरडीत दिलेलं श्रेयवाक्य तसंच्या तसं छापा, परवान्याचा दुवा द्या, बदल केले असतील तर तेही सांगा. झालं! पण एसआरडी म्हणजे अख्खं नियमपुस्तक नव्हे. बिहोल्डर या राक्षसाचं वर्णन आणि आकडे त्यात नाहीत. ते पुस्तकातून उचलले, तर परवाना तुम्हाला वाचवणार नाही.

खरी गोची वेगवेगळ्या परवान्यांचा मजकूर मिसळताना होते. 'बाय-एसए' या क्रिएटिव्ह कॉमन्सच्याच दुसऱ्या परवान्याखालचा परिच्छेद सुधारून घेतलात, की तो सुधारित मजकूरही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एक तक्ता ठेवा: परिच्छेद, स्रोत, आवृत्ती, परवाना. छपाईच्या आदल्या रात्री हे आठवत नाही. चित्रांचे हक्क वेगळे तपासा.