आकडा जुना, दुरुस्ती ताजी

वेर्णे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर मी फोंड्यातून घरी बसून सांभाळतो. दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय, म्हणजे एसएसएच, बंद पडली तर भर पावसात बोरीचा पूल ओलांडून जावं लागतं, म्हणून या एका सेवेच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

परवा त्यांच्या ऑडिटचा अहवाल आला. एसएसएच पुरवणाऱ्या ओपनएसएसएच ९.२पी१ या प्रोग्रामसमोर लाल शेरा: आवृत्ती जुनी, ताबडतोब बदला. मॅनेजरसाहेबांचा लगेच फोन, "अहो, आपलं दार उघडंच आहे की काय?"

नाही, साहेब. सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. डेबियनच्या स्टेबल, म्हणजे पारखून स्थिर केलेल्या, आवृत्त्यांत प्रोग्रामचा मुख्य आकडा तोच राहतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्तीत आणून बसवतात. १ जुलै २०२४ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधली ‘रेग्रेशन’ ही त्रुटी जाहीर केली. पासवर्डशिवाय थेट रूटपर्यंत, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यापर्यंत, पोचता येईल इतकी ती गंभीर. ओपनएसएसएचने ९.८ काढलं, डेबियनने त्याच दिवशी ९.२पी१ दुरुस्त करून दिलं. बदललं ते फक्त शेपूट, ‘डेब१२यू३’. ऑडिटचा स्कॅनर नेमकं तेच वाचत नाही. गंमत म्हणजे डेबियन ११मधल्या ८.४ला या त्रुटीची बाधाच नव्हती.

नव्याचा धोका दाखवणारी उलट बाजूही त्याच वर्षातली. २९ मार्चला प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनातला, एसएसएचमधून शिरू देणारा चोरदरवाजा उघड केला. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा ते छडा लावत होते. एक्सझेडच्या बाधित आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१ डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखांमध्ये शिरल्या होत्या, स्टेबलमध्ये नाही. नव्याची हौस करायला एसएसएचचा सर्व्हर ही जागा नव्हे, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

लॅपटॉपवर मात्र मी नवं वापरतो. डेबियन १३मधलं ओपनएसएसएच १०.० तिथे उत्तम चालतंय. कारखान्याचा सर्व्हरही १३वर न्यायचाच आहे, कारण दुरुस्त्या येणं थांबलं की स्टेबलला काही अर्थ उरत नाही. पण ते साप्ताहिक सुटीच्या दिवशी, जागेवर माणूस ठेवून आणि एक सेशन उघडं राखून. दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन झाल्याशिवाय मी पहिलं बंद करत नाही.

ऑडिटवाल्यांना पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, पाठवला आहे. लाल शेरा काढावा, असं लेखी मागितलंय.