कॉर्टिसॉल म्हणून मोकळं होण्याविषयी

गोड्या पाण्यातल्या माशाला समुद्रात जगवणारं हार्मोन कुठलं? हा प्रश्न इतक्यांदा आलाय की हल्ली मी ‘कॉर्टिसॉल’ म्हणून मोकळा होतो. विचारणारा खूश होतो. आज जरा सविस्तर सांगतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

हे एका शब्दाचं उत्तर एकेकाळी मलाही पुरेसं वाटायचं. गोड्या पाण्यात वाढवलेले बारा मोझांबिक तिलापिया होते. आधी लिटरला २० ग्रॅम मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवायचे आणि मग पूर्ण खाऱ्या पाण्यात सोडायचे, ही रीत मला पाठ होती. पण मला घाई होती. जात चिवट, काय होतंय, म्हणून संध्याकाळी सरळ ३५ ग्रॅमच्या टाकीत सोडले. तासाभरात रंग काळवंडला. मग पोहणं डगमगायला लागलं. बाहेरचं पाणी रक्ताच्या तिप्पट खारट, त्यामुळे अंगातलं पाणी बाहेर ओढलं जात होतं. ते भरून काढायला मासे खारं पाणीच पीत होते आणि आत आलेलं मीठ बाहेर टाकण्याइतके कल्ले तयार नव्हते. पाण्यात बुडालेला मासा कोरडा पडताना मी टॉर्च धरून पाहत होतो. गोड्या पाण्याची टाकी शेजारीच होती. तरी नोंदी पूर्ण करायच्या म्हणून मी एकही मासा परत टाकला नाही. सकाळपर्यंत बाराही गेले.

रक्त तपासलं तर कॉर्टिसॉल चांगलंच चढलेलं! निरोप पोचला होता. पण मीठ उपसणाऱ्या पेशी आणि त्यांच्यातले सोडियम-पोटॅशियम पंप वाढायला दिवस लागतात.

सॅल्मनचं पिल्लू नदीत असतानाच ही तयारी करतं. अंग चंदेरी होतं, कॉर्टिसॉलबरोबर वाढीचं हार्मोनही चढतं. उलट बाजूही आहे. १९५९ मध्ये पिकफर्ड आणि फिलिप्स या संशोधकांनी मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढलेले किलीफिश नावाचे छोटे मासे तपासले. ते खाऱ्या पाण्यात जगत, गोड्यात मरत. त्याच ग्रंथीचं प्रोलॅक्टिन हे हार्मोन दिलं की गोड्यातही तगत. गोड्या पाण्यात राहणंही फुकट नसतं, हे मात्र मला कुणी विचारत नाही.

आधी कॉर्टिसॉल टोचलं असतं तर वाचले असते का? सॅल्मनच्या जातींत त्याचा फायदा दिसलाय, म्हणजे तेव्हाचा मी अगदीच चूक नव्हतो. का होतो? पुढच्या वेळी विचाराल तेव्हाही बहुधा ‘कॉर्टिसॉल’च म्हणेन.